निकाल ठरलेला, गोष्ट अर्धवट

१ मार्च २०२५ रोजी टोरांटोत जॉन सीनाने कोडी ऱ्होड्सला मिठी मारली. समोर द रॉक उभा होता. 'तुझा आत्मा मला दे' ही त्याची मागणी कोडीने नुकतीच धुडकावली होती. मिठी सुटायच्या आत सीनाची नजर रॉककडे वळली, रॉकने गळ्यावरून बोट फिरवलं, आणि सीनाच्या चेहऱ्यावरचे भाव पार बदलले. पुढच्या क्षणी कमरेखाली लाथ. वीसेक वर्षं लहान मुलांचा लाडका असलेला माणूस अर्ध्या मिनिटात खलनायक झाला होता. टीव्हीवरच्या कुस्तीत इतका मोठा पक्षबदल कित्येक वर्षांत कुणी पाहिला नव्हता.

दीड महिन्याने लास वेगासला रेसलमेनिया ४१ झाला. रॉक तिकडे फिरकलाच नाही. त्याच्या जागी रॅप गायक ट्रॅव्हिस स्कॉट आला, मध्ये पडला, आणि सीनाने विजेतेपदाचा विक्रमी सतरावा पट्टा मिळवला. पुढचे काही महिने सीनाने प्रेक्षकांवर राग काढणारी भाषणं केली, पण रॉकशी त्याचा सौदा काय होता, आत्मा कशासाठी हवा होता, याचा पत्ताच लागला नाही. ऑगस्टमध्ये समरस्लॅमच्या तोंडावर सीना पुन्हा भला माणूस झाला, कोडीकडून हरला, हातात हात मिळवून मोकळा झाला. ज्या क्षणाने जगभरचे चाहते हादरले होते, त्याची अशी बोळवण झाली.

अशी गोष्ट रचण्याला चाहते 'बुकिंग' म्हणतात. कोण जिंकणार, कसं जिंकणार, कुणाचं कुणाशी कधी बिनसणार आणि पट्टा कुणाच्या खांद्यावर किती दिवस राहणार, हे ठरवण्याचं काम. सीनाच्या कंपनीत, डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये, जुलै २०२२ पर्यंत त्यावर शेवटचा शब्द व्हिन्स मॅकमॅन यांचा असे. ते निवृत्त झाल्यावर ही सूत्रं त्यांचे जावई ट्रिपल एच यांच्याकडे आली. २०१९ मध्ये सुरू झालेल्या एईडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीत हे काम मालक टोनी खान स्वतः करतात. चाहत्यांची सगळी वादावादी याच कामावरून चालते, आणि ती मला अतिशय रास्त वाटते.

'सगळं खोटंच असतं, मग भांडायचं कशावरून?' हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. खासबागेच्या मैदानात निकाली कुस्ती बघितलेल्या माणसाने इकडे नाक मुरडलं तर ते समजण्यासारखं आहे. तिथला चीतपट हा चीतपटच असतो. पण खुद्द मॅकमॅन यांच्या कंपनीने १९८९ मध्येच न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे ही करमणूक असल्याचं सांगून टाकलं. तेव्हापासून प्रेक्षकाला फसवणूक झाल्याची तक्रार उरलेली नाही. त्याची तक्रार लेखकाविरुद्ध आहे. निकाल आधीच ठरवता येतो म्हटल्यावर तो वाईट ठरवण्याला कुठलीच सबब उरत नाही.

हे माध्यम अवघड आहे, हेही मान्य करायला हवं. डब्ल्यूडब्ल्यूईचा साप्ताहिक कार्यक्रम 'रॉ' ११ जानेवारी १९९३ ला सुरू झाला आणि आजतागायत आठवड्यामागून आठवडा चालूच आहे. शेवटचा अंक नाही, सुट्टी नाही. नायकाचा गुडघा निखळतो, कुणाचा करार संपतो, सिनेमावाला पाहुणा ऐन वेळी येत नाही. अशा न संपणाऱ्या गोष्टीला एकच गोष्ट तारते: आठवण. काल जे घडलं त्याचा परिणाम आज दिसला पाहिजे. गेल्या तीस वर्षांतल्या बुकिंगमधलं यश-अपयश तपासताना मला पुन्हा पुन्हा हेच दिसतं.

अपयशाचा सर्वांत शिकण्यासारखा नमुना मॅकमॅन यांच्याशी स्पर्धा करणाऱ्या डब्ल्यूसीडब्ल्यू या कंपनीचा. जुलै १९९६ मध्ये हल्क होगनने बाजू बदलली. स्कॉट हॉल आणि केव्हिन नॅश हे बाहेरून घुसखोरी केल्यासारखे आले होते. त्यांचा तिसरा साथीदार कोण, या एका प्रश्नावर आठवडेच्या आठवडे काढले होते. म्हणून तो धक्का नुसता धक्का राहिला नाही, उत्तर झाला. त्यांच्या टोळीपुढे एकेक नायक गारद होत असताना स्टिंग बोलायचा बंद झाला. चेहरा पांढरा रंगवून, काळा कोट घालून तो छताजवळच्या तुळयांवरून खाली बघत राहायचा. वर्षाहून जास्त काळ तो एकही कुस्ती लढला नाही. प्रेक्षक थांबले, कारण थांबण्याला अर्थ होता.

आणि मग २८ डिसेंबर १९९७ चा स्टारकेड: स्टिंग विरुद्ध होगन. होगनने स्टिंगला खाली पाडलं. पंच निक पॅट्रिकने फसवून घाईघाईत तीन मोजायचे आणि मग ब्रेट हार्टने येऊन अन्याय थांबवायचा, असा बेत होता. पॅट्रिकने मोजलं ते नेहमीच्याच गतीने. म्हणजे पडद्यावर जे दिसलं ते इतकंच: स्टिंग रीतसर हरला आणि मग कुणीतरी येऊन निकाल फिरवला. कुस्ती पुन्हा सुरू झाली, स्टिंग जिंकला, पण तोवर दीड वर्षाच्या मेहनतीवर पाणी पडलं होतं. मोजणीची गती, एका हाताची हालचाल. या कलेत एवढ्यावर सगळं अवलंबून असतं. ४ जानेवारी १९९९ ला होगनने नॅशच्या छातीला नुसतं बोट लावलं, नॅश धाडकन आडवा झाला आणि पट्टा होगनकडे गेला. मार्च २००१ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू प्रतिस्पर्धी मॅकमॅन यांनी विकत घेतली. ती बुडण्याला व्यवहारातली कारणंही होती, पण प्रेक्षकाचा विश्वास त्याआधीच उडाला होता.

आता उलट उदाहरण. सॅमी झेन हा रोमन रेन्सच्या सामोअन घराण्याच्या टोळीत २०२२ मध्ये विदूषक म्हणून शिरला. रक्ताचा नसलेला, घरात जागा मागणारा. नोव्हेंबरमध्ये त्याने निष्ठा दाखवायला आपला जुना मित्र केव्हिन ओवेन्सला दगा दिला. २८ जानेवारी २०२३ ला सॅन अँटोनियोत, रॉयल रम्बलच्या शेवटी, ओवेन्सचे हात दोरांना बेड्यांनी अडकवलेले होते. रेन्सने सॅमीच्या हातात खुर्ची दिली: मार. सॅमी घुटमळला, आणि खुर्ची रेन्सच्या पाठीत घातली. टोळी त्याच्यावर तुटून पडली. फक्त टोळीतलाच जे उसो हात न लावता रिंगमधून निघून गेला. इथे पट्टा हलला नाही. प्रत्येकाने काहीतरी गमावलं, आणि त्याचे पडसाद पुढे कित्येक महिने उमटत राहिले.

पुढच्याच महिन्यात सॅमी आपल्या गावी, मॉन्ट्रियलमध्ये, रेन्सकडून हरला. तिथेच पट्टा बदलायला हवा होता, असं आजही असंख्य चाहते म्हणतात. मला ते पटत नाही. सॅमीचं नातं ओवेन्सशी तुटलं होतं, आणि रेसलमेनिया ३९ च्या पहिल्या रात्री त्या दोघांनी मिळून उसो भावांना हरवलं, तेव्हा गोष्ट तिच्या जागी पोचली. दुसऱ्या रात्री कोडी रेन्सकडून हरला, तेव्हा मात्र चाहत्यांचा संताप खरा होता. त्या पराभवाला लेखकांकडे तयार उत्तर होतं, असं मला वाटत नाही. ते प्रेक्षकांनी मिळवून दिलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये रेन्ससमोर कोडीच्या जागी रॉकला आणण्याचा घाट घातला गेला, आणि 'आम्हाला कोडी हवा' असा गजर प्रत्येक शहरात सुरू झाला. आठवड्याभरात कंपनीने निर्णय फिरवला आणि त्या चिडीलाच गोष्टीत घेतलं; रॉकला खलनायक केलं. ७ एप्रिलला फिलाडेल्फियात कोडीने रेन्सची १३१६ दिवसांची सद्दी संपवली.

प्रेक्षकांचं ऐकून पुढे विसरून जाणं हे न ऐकण्यापेक्षाही वाईट. मुस्तफा अली जखमी झाला म्हणून २०१९ मध्ये कोफी किंग्स्टनला एका लढतीत जागा मिळाली. लोकांनी त्याला इतकं उचलून धरलं की रेसलमेनियात तो विजेता झाला. ऑक्टोबरमध्ये कंपनीचा 'स्मॅकडाउन' हा कार्यक्रम नव्या वाहिनीवर गेला, त्याच रात्री ब्रॉक लेस्नरने त्याला दहा सेकंदांच्या आत संपवलं. कोफीने पुढे या पट्ट्यासाठी जीव टाकला का, रागावला का? काही नाही. तो हसत जुन्या कामाला लागला. अकरा वर्षं घाम गाळलेल्या कलावंताशी असं वागणं मला क्रूर वाटतं.

आपल्या वाट्यालाही असंच एक उदाहरण आलं होतं. मे २०१७ मध्ये जिंदर महाल अचानक रँडी ऑर्टनला हरवून विजेता झाला. भारताची बाजारपेठ डोळ्यांपुढे ठेवून हे झालं, असा सार्वत्रिक समज आहे, आणि तसं असण्यात गैर काही नाही. गैर हे की परकी भाषा, सोबतची माणसं आणि रागीट चेहरा यापलीकडे त्या पात्राला काही दिलंच नाही. भारतीय प्रेक्षकाला आपला माणूस हवा होता. हाती पडला अमेरिकी कल्पनेतला परदेशी.

एईडब्ल्यूची तऱ्हा वेगळी. तिथल्या लढती तांत्रिकदृष्ट्या बहुधा सरस असतात, पण माणसं आणि पट्टे इतके की आठवडेच्या आठवडे एखादा धागा दिसेनासा होतो. तरी गेल्या दशकातली सर्वांत सुसंगत दीर्घकथा तिथलीच आहे. २०१९ मध्ये पहिला पट्टा हुकलेला 'हँगमन' अॅडम पेज दारूत बुडाला, मित्रांपासून तुटला, स्वतःवरचा विश्वास गमावून बसला. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याने जुन्या जोडीदाराला, केनी ओमेगाला, गाठलं. रिंगलगत त्या तुटलेल्या मित्रांपैकी यंग बक्स ही जोडी उभी होती. ते ओमेगाच्या बाजूचे. शेवटच्या झेपेआधी पेजने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी अडवलं नाही, नुसती मान हलवली. त्या होकारात काही वर्षांची मैत्री आणि वैर होतं.

चाहत्यांनाही एक सांगायला हवं. आपला अंदाज खोटा ठरला म्हणून गोष्ट वाईट ठरत नाही, आणि दर आठवड्याला धक्का मागितला की लेखक धक्केच देतो. १३ डिसेंबर २०२५ ला सीना अखेरच्या लढतीत गुंथरपुढे हात आपटून शरण गेला, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो केली. जाणाऱ्याने पुढच्याला विजय देऊन जावं, ही जुनी प्रथा चांगलीच आहे. पण ज्याचं ब्रीदच 'हार मानू नका' होतं, त्याला शरण जायला लावायचं तर त्याआधी महिनाभर तरी त्याचं मन तिथवर जाताना दाखवायला हवं होतं. ते न झाल्याने ती हुर्यो मला योग्य वाटते.

एप्रिल २०२५ पासून भारतात डब्ल्यूडब्ल्यूई नेटफ्लिक्सवर दिसते. शाळेत असताना या मल्लांची ट्रम्प कार्डं जमवली आणि पुढे हे बघणं सोडलं, अशांनी परत यायचं असेल तर चालू आठवड्यापासून सुरुवात करू नये. आधी २०२३ च्या रॉयल रम्बलचा शेवट बघावा, खुर्ची उचलली जाते तिथपासून जे उसो निघून जातो तिथपर्यंत. मग ताजा भाग लावावा आणि लेखकांकडे तेवढंच मागावं.