दहा मूल्ये आणि एक मूर्ती

महाराष्ट्रातील शाळांच्या परिपाठात नव्वदीच्या दशकात मूल्यशिक्षण आले आणि त्याबरोबर दहा मूल्यांची यादी आली. सर्वधर्मसहिष्णुता, वैज्ञानिक दृष्टिकोन, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता ही त्यांतली काही. यांपैकी एकाही मूल्याला आमचा विरोध नाही. आक्षेप आहे तो मांडणीला. आज वक्तशीरपणा, उद्या सौजन्यशीलता, अशी मूल्ये सुटी सुटी शिकवली जातात. व्यवहारात मात्र दोन चांगली मूल्येच एकमेकांसमोर उभी ठाकतात. तेव्हा निवड कशी करावी, याबद्दल यादी गप्प आहे.

उपनगरातलेच उदाहरण घेऊ. २०२५ च्या माघी गणेशोत्सवात प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींचे समुद्रातील विसर्जन रोखले गेले आणि कांदिवलीतील काही मंडळांच्या उंच मूर्ती कित्येक महिने विसर्जनावाचून राहिल्या. अशा वस्तीतल्या दहावीच्या वर्गात कुणाचे वडील मंडळाचे कार्यकर्ते असतात, कुणाच्या घरी मूर्तिकाम चालते. सहिष्णुता सांगते, श्रद्धा दुखवू नका. वैज्ञानिक दृष्टिकोन सांगतो, पाण्याचे काय होते ते तपासा. श्रमप्रतिष्ठा सांगते, कारागिराच्या पोटाचा विचार करा. मुलाने कुणाचे ऐकावे?

येथे विज्ञानशिक्षकाची खरी गरज आहे. आधी वस्तुस्थितीचे प्रश्न वेगळे काढावेत. पाण्याशी संयोग होऊन प्लास्टरचे जिप्सम बनते. ते लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते. शाडूची माती पाण्यात सुटी होते, पण तिचाही गाळ तळाशी बसतो. रंगांचा प्रश्न दोन्हीकडे आहेच. पाण्याच्या दोन बरण्यांत दोन्हींचे तुकडे आठवडाभर ठेवले, तर फरक वर्गालाच दिसेल. परंतु विसर्जन कोठे व्हावे, कारागिराला किती मुदत द्यावी, याचे उत्तर बरणीत सापडत नाही. तेथे कारणे द्यावी लागतात. आणि ज्याच्या घरी गणपती येत नाही त्या मुलालाही, तसेच ज्याच्या घरी तो घडतो त्यालाही, ती समजून घेता आली पाहिजेत.

धर्माचा विषय निघाला की आपल्यापैकी अनेकजण गप्प बसतात. राज्यघटनेच्या २८ व्या कलमानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे खरे. परंतु धर्माची शिकवण देणे वेगळे आणि धर्मांविषयी शिकवणे वेगळे, हा भेद सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या निकालात मान्य केला आहे. आपण गप्प बसलो तरी मुलांचा निर्णय थांबत नाही. तो नाक्यावर, घोळक्यात होतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. यादीतील एक मूल्य घेऊन भाषण देण्याऐवजी दोन मूल्ये जेथे भिडतात असा प्रसंग महिन्यातून एकदा वर्गापुढे ठेवावा. मुलाने कोणता निर्णय घेतला यावर शाबासकी देऊ नये. आपल्याला न पटणारी बाजू त्याने किती प्रामाणिकपणे मांडली, ते पाहावे.