सरहद्दीवरील बार्शी : एक आक्षेप

सोलापूर जिल्ह्याचें १८८४ सालीं प्रसिद्ध झालेलें इंग्रजी ग्याझेटियर आम्ही पुनश्च अवलोकिलें. संकलनाचे श्रम स्तुत्य होत. परंतु ग्रंथाची दृष्टि जिल्ह्याच्या शिवेपाशीं थांबते, हा मोठाच दोष होय. बार्शी तालुक्यास बहुतेक चोहोंबाजूंनीं निजामाचा मुलूख. बालाघाटांतील कापूस व गळिताचीं धान्यें बार्शीच्या पेठेंत उतरत. पेठ वाढली, पिकविणारीं गांवें मागें राहिलीं. बार्शीस १८९७ सालीं आलेली लहान आगगाडी लातुरास पोंचावयास १९११ साल उजाडलें. निजामाची राजवट १९४८ सालीं संपली, तरी १९८४ सालीं दांडेकर समितीस मराठवाड्याचा अनुशेष मोजावाच लागला. सबब संग्राहकांस विनंति कीं, बार्शी-लातूरच्या व्यापारी वह्या जिल्हावार वेगळ्या करूं नयेत. एकींतील जमेचा उलगडा दुसरींतील नांवें रकमेवांचून होत नाहीं.