‘हिज’ कुणाचे, ‘हर’ कुणाचे?

मराठीत ‘त्याची जमीन’ म्हटले की जमीनही आपले लिंग सांगते. इंग्रजी ‘हिज’ फक्त मालक पुरुष असल्याचे सांगते. व्याकरणाची पुस्तके इथेच थांबतात.

इंग्रजी कायद्यात मुलाचा दर्जा बापावरून ठरे. 1662 साली व्हर्जिनिया वसाहतीने तो उलटवला: मूल गुलाम की स्वतंत्र, हे आईवरून ठरेल. हे काही मातृप्रेम नव्हे. गुलाम बाईचे मूल ‘हर चाइल्ड’ ठरताच ते मालकाची ‘हिज प्रॉपर्टी’ होत होते. मग बाप खुद्द मालक का असेना!

दोनशे वर्षांनंतर, 1872 साली, सुझन अँथनी यांना रोचेस्टरला मत दिल्याबद्दल अटक झाली. वॉरंटपासून आरोपपत्रापर्यंत सगळीकडे छापील ‘ही’. कारकुनाने त्याला ‘एस’ जोडून ‘शी’ केले, हे अँथनी भाषणांतून सांगत. कर आणि शिक्षेसाठी ‘ही’मध्ये बाई मावते, मतासाठी का नाही? 1873 मध्ये 100 डॉलर दंड झाला. तो त्यांनी भरला नाही.

परंतु याच अँथनींनी काळ्या पुरुषांना मताधिकार देणाऱ्या पंधराव्या घटनादुरुस्तीला विरोध केला होता. त्यांच्या ‘शी’मध्ये गुलाम आई कुठे होती? विकला गेलेला मुलगा 1828 साली न्यायालयातून परत मिळवणाऱ्या सोजर्नर ट्रुथही 1872 मध्ये मिशिगनला मत द्यायला गेल्या होत्या. त्यांना परत पाठवण्यात आले. तिथे कुणाला ‘एस’ जोडायचीही गरज पडली नाही.