हिब्रू कथेतला जीभ नसलेला माणूस

वणव्यांवर नजर ठेवायला एक विद्यार्थी डोंगरावरच्या टेहळणी चौकीत राहायला येतो. सोबत क्रूसेडवरच्या अभ्यासाची पुस्तकं. तिथेच कामाला एक म्हातारा अरब आहे आणि त्याची लहान मुलगी. युद्धात म्हाताऱ्याची जीभ छाटली गेली आहे. नव्याने लावलेल्या त्या झाडांखाली एक अरब गाव गाडलेलं आहे. अखेर जंगल पेटतं आणि राखेतून गावाचे अवशेष वर येतात.

अ. ब. येहोशुआ यांच्या १९६३ मधल्या या दीर्घकथेत आधुनिक हिब्रू साहित्याचं बळ आणि त्याची उणीव, दोन्ही एकत्र सापडतात. गाडलेलं गाव उकरून काढायचं धैर्य या साहित्यात आहे, पण गाव ज्याचं, तो मुका आहे.

या साहित्याची उंची वादातीत आहे. प्रार्थनेत आणि पोथ्यांत रुळलेल्या भाषेत बियालिक यांनी किशिनेव्हच्या १९०३ मधल्या कत्तलीवर कविता लिहिली, ॲग्नॉन यांनी १९६६ चं नोबेल मिळवलं, अमिखाई यांनी कवितेला रोजच्या बोलण्याजवळ आणलं. पण मला अधिक मोलाचा वाटतो तो स्वतःकडे रोखून पाहण्याचा धागा. १९४८ च्या अरब-इस्रायल युद्धात स्वतः उतरलेल्या एस. यिझहार यांनी पुढच्याच वर्षी ‘खिर्बेत खिझे’ लिहिली. अरब गावकऱ्यांना ट्रकमध्ये चढवून हाकलून देणाऱ्या तुकडीतला एक सैनिक ती सांगतो. इतक्या लवकर इतकं खरं लिहिणं सोपं नव्हतं. तरीही कादंबरीभर ऐकू येते ती सैनिकाच्या मनाची तडफड. गावकऱ्यांच्या वाट्याला फार थोडे शब्द येतात.

येहोशुआंनाही ही उणीव जाणवली असावी. १९७७ च्या ‘प्रियकर’ या कादंबरीत त्यांनी हैफातल्या गॅरेजमध्ये राबणाऱ्या नईम या अरब पोराला स्वतःची प्रकरणं दिली. या नईमला बियालिकच्या कविता तोंडपाठ आहेत! डेव्हिड ग्रॉसमन पुढे आणखी निर्दय होतात. २००८ च्या त्यांच्या कादंबरीतली ओरा मुलाला लष्करी मोहिमेवर पोहोचवायला नेहमीच्या अरब टॅक्सीवाल्याला, सामीला बोलावते. आपण त्याला कुठे जायला लावलं, हे तिला फार उशिरा उमगतं. चांगल्या मनाच्या माणसाचा हा आंधळेपणा इतक्या जवळून दुसऱ्या कुणी दाखवल्याचं मला आठवत नाही. ही कादंबरी लिहीत असतानाच, २००६ मध्ये ग्रॉसमन यांचा मुलगा लेबनॉनच्या युद्धात मारला गेला.

तरी हे सगळं दुसऱ्याच्या वतीने बोलणं झालं. १९८६ मध्ये गॅलिलीच्या फसुटा गावातल्या अँतोन शम्मास या अरब लेखकाने ‘अरबेस्क’ ही कादंबरी थेट हिब्रूत लिहिली आणि ज्याच्याविषयी इतकी वर्षं लिहिलं जात होतं, तोच लिहिता झाला. नंतर हिब्रूतच लिहिणारे आणखी एक अरब लेखक, सईद काशुआ आले. शम्मास यांनी हिब्रूत दुसरी कादंबरी लिहिली नाही. काशुआ २०१४ मध्ये अमेरिकेला निघून गेले. त्यांच्या जाण्याकडे केवळ राजकारण म्हणून पाहणं मला पटत नाही. हिब्रू कादंबरीच्या इतिहासात ते नुकसान म्हणून नोंदलं गेलं पाहिजे.