सोवळे आणि श्रद्धा : 'स्मृतिचित्रे'

बाबा पदमनजींच्या 'अरुणोदय'मध्ये धर्मांतर वाचन-वादातून घडते. 'स्मृतिचित्रे'त (१९३४-३७) ते स्वयंपाकघरात घडते. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, लक्ष्मीबाईंचा १९००चा. मधल्या काळाच्या निवेदनात धर्मशास्त्र जवळजवळ नाही. आहे तो विरह, आणि पुढे ख्रिस्ती पतीच्या घरात वेगळी चूल, वेगळे पाणी. जातिभेद मनुष्यकृत असल्याची जाणीव आधी होते व कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याच्या निर्णयात ती उतरते. ख्रिस्तावरील विश्वास मागून येतो. साक्षात्कारी धर्मांतरकथेचा साचा येथे अपुरा पडतो. लक्ष्मीबाईंच्या विनोदावर लुब्ध झालेल्या समीक्षेने (तो लोभसच आहे) या क्रमाकडे पुरेसे पाहिलेले नाही. टिळकांचे अपुरे 'ख्रिस्तायन' पुढे याच लेखणीने पूर्ण केले.