‘त्यांच्यातले बोलत का नाहीत?’

कुठं बॉम्ब फुटला, कुणाचा गळा चिरला, की दोन दिवसांत आपल्याकडं हा प्रश्न येतो. चांगली, शिकलेली, मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपून चालणारी माणसंच तो विचारतात. “सगळे तसे नसतात ओ, ते मान्य. पण मग त्यांच्यातले चांगले लोक बोलत का नाहीत?” आमच्या महिला मंडळात मी हे इतक्यांदा ऐकलंय की विचारणारीचं तोंड उघडायच्या आधी मला वाक्य कळतं. अब्दुर्रहमान सिसाको या दिग्दर्शकाचा ‘टिंबक्टू’ हा २०१४ सालचा चित्रपट पाहिल्यापासून मात्र हा प्रश्न आला की मला एक मासे विकणारी बाई आठवते.

भरबाजारात ती मासे मांडून बसलीय. बंदूकवाले येतात आणि सांगतात, हातमोजे घाल. बाईचे हात दिसता कामा नयेत. ती आधी नीट विचारते, की पाण्यात हात घालून मासे धुवायचे तर मोजे घालून कसं जमायचं? ते ऐकत नाहीत. मग तिचा आवाज चढतो. आईवडलांनी आम्हाला अब्रूनं वाढवलं ते हातमोज्यांशिवायच, असं ती सुनावते, आणि हात पुढं करते. घ्या, तोडा. सुरीसुद्धा तीच देते. ती धर्म सोडलेली बाई नाही. डोकं झाकलेलं आहे, तोंडात देवाचं नाव आहे. ‘त्यांच्यातली’च आहे ती, आणि बोलते आहे.

टिंबक्टू हा शब्द आपल्याकडं चेष्टेचा. कुणाची फार लांब बदली झाली की म्हणायचं, पार टिंबक्टूला फेकलं बिचाऱ्याला! खरं गाव आहे ते आफ्रिकेतल्या माली देशात, सहारा वाळवंटाच्या काठावर, नायजर नदीपासून जवळ. पंधराव्या-सोळाव्या शतकात सांकोरे मशिदीभोवती तिथं मोठं विद्यापीठच वसलं होतं. धर्मशास्त्र, कायदा, खगोल, वैद्यक अशा विषयांच्या पोथ्या लिहिल्या जात, विकल्या जात. गावाला ‘३३३ संतांचं नगर’ म्हणतात. म्हणजे इस्लाम तिथं कुणी परवा नेलेला नाही, शेकडो वर्षं मुरलेला आहे. २०१२ सालच्या एप्रिलमध्ये सशस्त्र टोळ्यांनी हे गाव घेतलं, आणि अन्सार दीन व अल कायदाची तिथली शाखा यांचं राज्य सुरू झालं. जानेवारी २०१३ अखेर फ्रेंच आणि माली फौजांनी ते संपवलं. मधले नऊ-दहा महिने हा या चित्रपटाचा विषय. त्याच काळात उत्तर मालीतल्या अगेलहोक गावी लग्नाशिवाय राहणाऱ्या एका जोडप्याला दगडांनी ठेचून मारलं होतं. ती बातमी वाचून सिसाकोला चित्रपट सुचला. खुद्द टिंबक्टूत चित्रण करणं धोक्याचं, म्हणून बरंचसं चित्रण शेजारच्या मॉरिटानियात, वलाता गावी झालं.

हा सगळा तपशील ठाऊक नसला तरी चित्रपट कळतो. सुरुवातीला एक हरीण पळतंय, मागं गाडी लागलीय, गोळ्या सुटतायत. मग त्याच बंदुका लाकडी बाहुल्यांवर, मुखवट्यांवर चालतात. लगेच गावात भोंगा फिरतो: गाणं नाही, सिगारेट नाही, बायकांनी पायमोजे-हातमोजे घालायचे, पुरुषांनी विजारी वर दुमडायच्या. एका माणसाला अडवून विजार दुमड म्हणतात. तो दुमडतो, ती खाली येते. परत दुमडतो, परत खाली. शेवटी वैतागून तो विजारच काढून हातात घेतो आणि चड्डीवर निघून जातो. मी मोठ्यानं हसले, आणि हसताना पोटात कालवलंही. जुलूम येतो तेव्हा आधी असा पायमोज्या-हातमोज्यांच्या रूपानं येतो. घर चालवणाऱ्या बाईला हे पटकन कळतं. आपल्यावर घातलेले बहुतेक नियम असेच कपड्यांपासून सुरू झालेले असतात.

या चित्रपटाबद्दल सगळे लिहितात ते फुटबॉलच्या प्रसंगावर. फुटबॉलवर बंदी, म्हणून पोरं चेंडूशिवाय फुटबॉल खेळतात. पळतात, पास देतात, गोल झाला की मिठ्या मारतात, आणि बंदूकवाले फटफटीवरून आले की सगळी निमूट कवायत करायला लागतात. सुंदरच आहे तो प्रसंग, जरा जास्तच सुंदर. मला त्याहून मोलाचा वाटला तो रात्रीचा प्रसंग. पहारा देणाऱ्या माणसाला कुठल्याशा घरातून गाणं ऐकू येतं. तो फोनवर वरिष्ठाला विचारतो, गातायत खरं, पण अल्लाची आणि पैगंबरांची स्तुती गातायत. पकडू का? दोन ओळींचा प्रसंग. पण त्या ‘पकडू का?’मध्ये सगळा पेच आहे. हुकूम धर्माच्या नावानं निघालेला, आणि तोडायचं काय, तर देवाचंच गाणं.

पुढं गाणाऱ्या एका बाईला फटके बसतात. चाळीस गाण्याचे, आणखी चाळीस परपुरुषांबरोबर एका खोलीत बसल्याचे. फटके खाता खाता ती रडते, आणि रडता रडता तिचं गाणं व्हायला लागतं. फातूमाता जावारा ही मालीचीच प्रसिद्ध गायिका ते काम करते. तो गळा खरा आहे, म्हणून प्रसंग नाटकी होत नाही.

बोलणारा सगळ्यात मोठा माणूस मात्र मशिदीतला इमाम. बंदूकवाले बुटांसकट, हत्यारांसकट मशिदीत शिरतात. इमाम आवाज न चढवता त्यांना दाराकडं वळवतो. धर्माचं काम इथं डोक्यानं करतात, हत्यारानं नाही, अशा अर्थाचं तो बोलतो. नंतर आणखी एक बैठक आहे. टोळीतल्या एकानं गावातली मुलगी आईबापांच्या मर्जीविरुद्ध ‘लग्न’ करून नेलीय. इमाम जाब विचारायला गेलाय. टोळीचा म्होरक्या म्हणतो, इथले पालक आता आम्हीच. त्यावर इमाम जे विचारतो ते कुणा बाहेरच्याला विचारता आलं नसतं. करुणा कुठं गेली, क्षमा कुठं गेली, या सगळ्यात देव कुठं आहे? आणि जिहादबद्दल तो म्हणतो, की मी माझ्या स्वतःशी चाललेल्या जिहादात गुंतलोय.

इथं माझ्यासारखीचे कान टवकारतात. जिहाद या शब्दाचा मूळ अर्थ झटणं, धडपडणं. आमचा ‘जिन’ शब्दही जिंकणाऱ्याचा, आणि जिंकायचं ते स्वतःच्या रागलोभाला. पण शब्द जुळले म्हणून धर्म जुळत नाहीत. ‘सगळे धर्म एकच सांगतात’ हे व्यासपीठावरून म्हणायला बरं असतं. इमामाचं बोलणं जोरदार ठरतं ते तो इस्लामच्या आतून, त्यांच्याच शास्त्रानं, त्यांच्याच शब्दांत भांडतो म्हणून. त्याला माझ्या अनेकांताची उसनवारी लागत नाही.

आता, ऐकतं कोण? चित्रपटभर भाषांतर चाललेलं असतं. टोळीवाले अरबी बोलतात, गावकरी तामाशेक, सोंघाय, बंबारा, मधूनच फ्रेंच. प्रत्येक वाक्य तिसऱ्याच्या तोंडून जातं. फाशीची शिक्षासुद्धा दुभाषी सांगतो. आमच्या बेळगावात घरी मराठी, बस्तीत कानडी, बाजारात दोन्ही, त्यामुळं दुभाष्याच्या तोंडातून जाताना वाक्याचं काय होतं ते आम्हाला शिकवावं लागत नाही. पण तिथं ज्यांच्या हातात बंदूक आहे त्यांना गावाची भाषा शिकायची गरजच वाटत नाही.

बाहेरच्या जगाचीही तीच तऱ्हा. जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसमध्ये व्यंगचित्रकारांची हत्या झाली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत पॅरिसजवळच्या एका उपनगराच्या महापौरांनी हाच चित्रपट तिथल्या चित्रगृहातून काढायला लावला. त्यानं दहशतवादाचा गौरव होईल अशी भीती! त्यांनी तो पाहिलेलाही नव्हता. फेब्रुवारीत त्याच चित्रपटाला फ्रान्सचे सात सेझार पुरस्कार मिळाले. त्याआधी सप्टेंबर २०१४ मध्ये जगभरच्या सव्वाशेहून जास्त मुस्लिम विद्वानांनी ‘इस्लामिक स्टेट’च्या बगदादीला खुलं पत्र लिहिलं होतं. निरपराधाला मारणं, गुलामी, छळ, एकेक मुद्दा घेऊन त्यांनी शास्त्राधारे त्याचं म्हणणं खोडलं. मंडळातल्या बायकांना मी हे सांगितलं तेव्हा एक वयस्कर अक्का म्हणाल्या, “मग आम्हाला कसं कळलं नाही ते?” प्रामाणिक प्रश्न आहे. पण मघाच्या प्रश्नाहून वेगळा आहे.

शिवाय बोलणं म्हणजे काय किंमतीचं असतं तेही बघावं. माझ्या ओळखीच्या एका सोसायटीत एका मुसलमान शिक्षक जोडप्याला भाड्यानं घर द्यायला नकार मिळाला. घरात मांस शिजवणार नाही असं त्यांनी आपणहून सांगितलं होतं, तरीही. सभेत एकटे एक अण्णा उठून म्हणाले, “मांस न खाण्याचा नियम मी घेतलाय, त्यांनी नाही. आणि ते तर पाळायला तयार आहेत.” बाकीच्यांनी चहा घेतला. आता, दगडानं ठेचणं आणि घर नाकारणं एकाच तागडीत घालायचा आचरटपणा मी करणार नाही. मला तोलायचंय ते बोलणाऱ्यांचं धाडस. अण्णांच्या समोर बंदूक नव्हती, चार वाकडी तोंडं होती, तरी ते एकटेच पडले. त्या कोळणीकडून, त्या इमामाकडून आपण काय मागतो आहोत?

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाव्रताचे पाच अतिचार सांगितलेत: बांधणं, मारणं, अवयव छेदणं, झेपणार नाही इतका भार घालणं, अन्नपाणी तोडणं. पहिले दोन तर या चित्रपटात डोळ्यांसमोर घडतात. आमच्या परंपरेत हिंसा करणारा, करवणारा आणि तिला मान डोलावणारा, तिघंही दोषाचे धनी. दशलक्षणात दरवर्षी ऐकतो आपण. तो तिसरा, अनुमोदन देणारा, हा माणूस सिसाकोनं फारसा दाखवलेला नाही. टिंबक्टूत टोळीला दारं कुणी उघडली, कुणाचा फायदा झाला, कुठला शेजारी चुगली करत होता? गाव इथं फार निर्मळ दिसतं. ही मला चित्रपटाची खरी उणीव वाटते.

दुसरी उणीव मूळ गोष्टीतच आहे. किदान हा तुआरेग गुराखी, बायको सातिमा, बारा वर्षांची मुलगी तोया, वाळूच्या टेकडीवर तंबू. त्यांच्या आवडत्या गाईचं नाव ‘जीपीएस’! ही गाय अमादू नावाच्या कोळ्याच्या जाळ्यात शिरते, तो तिला भाल्यानं मारतो. किदान जाब विचारायला जातो, पण खिशात पिस्तूल घेऊन. झटापटीत गोळी सुटते आणि अमादू मरतो. मग लांबून घेतलेलं ते दृश्य, मावळत्या उजेडात अख्खी नदी, एका काठाकडं पाणी तुडवत पळणारा किदान, दुसरीकडं कोसळणारा अमादू. दृश्य विसरता येत नाही. खून टोळीवाल्यानं नाही, आपल्या लाडक्या नायकानं केलाय, हे धीट आहे. पिस्तूल खिशात घातलं तेव्हाच निम्मं काम झालेलं होतं. पण पुढं चित्रपट किदानसाठी रडतो आणि अमादूला विसरतो. त्याच्या घरात आपण जवळजवळ जातच नाही. नुकसानभरपाई चाळीस गाई ठरते, किदानकडं सातच आहेत, त्याला मुलीचं तोंड एकदा बघायचंय, हे सगळं काळजाला भिडतं. अमादूलाही कुणी असेलच की.

टोळीवाले मात्र फार चांगले उतरलेत. काहींना ते ‘माणूस’ केल्याचा राग आला. मला वाटतं तेच बरोबर. अब्देलकरीम चोरून सिगारेट ओढतो, आणि त्याचा ड्रायव्हर सांगतो, सगळ्यांना ठाऊक आहे ते. फुटबॉल बंद करणारेच मेस्सी मोठा की झिदान यावर तास घालवतात. एक पोरगा धर्मासाठी पूर्वायुष्य सोडल्याची चित्रफीत करायला बसतो आणि त्याच्या तोंडून वाक्य खरं वाटेल असं येतच नाही. राक्षस दाखवले असते तर आपण निर्धास्त झालो असतो.

चित्रपट संपतो तो पळणाऱ्या तोयावर आणि पुन्हा त्या हरणावर. टिंबक्टूची गोष्ट पुढं बरीच चालली. टोळीच्या राज्यातच गावातल्या ग्रंथपालांनी हजारो हस्तलिखितं पत्र्याच्या पेट्यांत भरून गाडीनं, होडीनं बामाकोला पोचवली. मूडबिद्रीत धवलेची ताडपत्रं जपणाऱ्यांची ही भावकीच. संतांच्या कबरी फोडणाऱ्या पथकाचा प्रमुख अहमद अल फकी अल माहदी याच भागातला, शिक्षक होता. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात २०१६ मध्ये त्यानं गुन्हा कबूल केला, गावाची माफी मागितली आणि जगातल्या मुसलमानांना सांगितलं की अशा कामात पडू नका, यात काही भलं नाही. त्याला नऊ वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या आदल्या वर्षीच गावातल्या गवंड्यांनी, जुन्या पद्धतीनं माती मळून, चौदा कबरी पुन्हा उभ्या केल्या होत्या.