बझकॉक्स : पाचशे पौंडांची तबकडी आणि तिच्यानंतरचं गाणं

मागच्या वेळी आपण सेक्स पिस्टल्सच्या मँचेस्टरमधल्या कार्यक्रमापाशी थांबलो होतो. 4 जून 1976. तो कार्यक्रम ठरवला होता हॉवर्ड डेव्होटो आणि पीट शेली या दोन दोस्तांनी. खरं तर त्यांना स्वतःलाच त्या दिवशी वाजवायचं होतं, पण बँडची माणसंच जमली नव्हती! जुलैमध्ये मात्र त्याच सभागृहात बझकॉक्स उभे राहिले.

डिसेंबरात, उसन्या घेतलेल्या सुमारे पाचशे पौंडांत, त्यांनी चार गाणी ध्वनिमुद्रित केली. जानेवारी 1977 मध्ये 'स्पायरल स्क्रॅच' निघाली ती 'न्यू हॉर्मोन्स' या त्यांच्या स्वतःच्याच लेबलवर. पहिल्या प्रती फक्त हजार. वेष्टनावर काय छापलं होतं बघा : कुठलं गाणं कितव्या प्रयत्नात मुद्रित झालं, त्यावर नंतर काही चढवलं की नाही. म्हणजे स्वयंपाकघराचं दारच उघडं ठेवलेलं. 'बोअरडम'मधला गिटारचा एकल तुकडा दोनच सुरांचा आहे. तो ऐकून आपल्याला हसू येतं, आणि गाण्याचा विषय कंटाळा आहे हेही आठवतं.

इथे बरेच समीक्षक थांबतात. डेव्होटो लगेचच बँड सोडून गेला, उरलेल्यांनी युनायटेड आर्टिस्ट्सशी करार केला. पुढचं सगळं म्हणे गोड पॉप. आम्हाला हे पटत नाही. लेबल कुणाचं यावरून गाण्याची धार मोजायची, तर ऐकायचं कशाला?

1978 चं 'एव्हर फॉलन इन लव्ह' घ्या. ब्रिटनच्या यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत गेलं. शेलीची प्रेमगीतं 'मी' आणि 'तू' यांच्यातली असतात. प्रेम करणारा पुरुष की स्त्री, समोरचं माणूस कोण, याचा पत्ता लागू देत नाहीत. तो स्वतः द्विलैंगिक होता आणि हे जाणूनबुजून करत होता. आता हे मराठीत करून पाहा. 'प्रेमात पडलो' की 'पडले'? 'गेलास' की 'गेलीस'? आपलं क्रियापद पहिल्याच ओळीत चहाडी करतं. इंग्रजीत ही मोकळीक फुकट मिळते, आणि म्हणूनच तिचा इतका नेमका उपयोग करणारे थोडे. पंक म्हणजे राणीला शिव्या, अशी समजूत असणाऱ्यांना यातलं बंड दिसलंच नाही.

सगळंच चांगलं होतं असं नाही. दीड वर्षात तीन अल्बम काढले, तिसऱ्यात दमणूक ऐकू येते. 1981 मध्ये बँड फुटला. त्याच वर्षी शेलीने एकट्याने 'होमोसेपियन' काढलं. त्यात पुरुषांमधल्या संबंधाचा इशारा जरा उघड होता, आणि बीबीसीने ते वाजवायचं नाकारलं.